मिगच्या निरोपाला बाबांचं भाषण

मिग विमानं रिटायर झाली, त्या दिवशी टीव्हीवर त्यांना पाण्याचे फवारे सोडून सलामी दिली. बाबा खुर्ची पुढे ओढून बघत होते.

"पाणी काहून मारून राहिले?"

"मान देऊन राहिले, बाबा."

"अच्छा," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मला भरून आलं, आणि लगेच रागही आला. पायलटांचं कौतुक झालं, मेकॅनिकांचं झालं. पण त्या विमानांखाली लटकायचा तो माल ज्यांनी हातानं भरला, त्यांचं कोणी नावसुद्धा काढेना. वा रे वा!

आमचं बालपण खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमधलं. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा फॅक्टरीच्या गेटाकडे निघायचा. बाबा काडेपेटी घरीच ठेवून जात, कारण आत सगळी बारूद. संध्याकाळी परतायचे ते बारुदीनं पिवळे झालेले हात घेऊन. साबण झिजायचा, पण पिवळेपणा जायचा नाही. आम्हाला वाटे, सगळ्या बापांचे हात असेच असतात, कारण गल्लीत सगळ्यांचे तसेच होते. पगाराच्या रविवारी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातली खोव्याची जलेबी मिळायची. काय दिवस होते ते! पण आत काय बनतं, हे घरी बोलायचं नाही. आईनं विचारलं तरी उत्तर एकच, "काम." त्यामुळे शाळेत 'मेरे पिताजी' हा निबंध माझा चार ओळींपुढे कधी गेला नाही.

आता मीच शाळेत शिकवते. आमच्याकडे मिगच्या निरोपाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा मी प्राचार्यांच्या मागे हात धुऊन लागले, माझ्या बाबांनाही बोलवा म्हणून. बाबा ऐंशीच्या पुढचे, चार पावलं चालले की धाप लागते. मेल्यावर फोटोला हार घालायला सगळेच येतात. मला त्यांच्यासाठी टाळ्या ऐकायच्या होत्या, त्या त्यांच्या हयातीत.

शाल झाली, नारळ झाला. प्राचार्यांनी माइक पुढे केला. "बाबूजी, बच्चों को बताइए, आप क्या बनाते थे?"

"वो नहीं बता सकते, बेटा."

मुलं फिदीफिदी हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विमान गेलं, नोकरी संपूनही वीस-पंचवीस वर्षं झाली, आणि हा माणूस अजून तोंड उघडायला तयार नाही! मला आधीच कळायला हवं होतं. खमरियाच्या माणसाला बोलायला उभं करायचं म्हणजे माझंच डोकं फिरलेलं.

"बाबा, सांगा ना आता!" मी खालूनच ओरडले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माइक तोंडाजवळ घेतला. "क्या बनाते थे, नहीं बताऊँगा. किसके साथ बनाते थे, ये बता सकता हूँ."

आणि त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. सकाळी सेक्शनमध्ये हजेरी व्हायची, त्याच क्रमानं. मधे दम लागला की थांबत, पण पुढचं नाव चुकत नव्हतं. बंगाली, बुंदेली, मद्रासी, आमचे नागपुरी. त्यांतले कितीतरी मला काका म्हणून माहीत होते, आणि आता कोणीच उरलेलं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी एका नावाला टाळी वाजवली. मग प्रत्येक नावाला टाळ्या पडू लागल्या. मी रडत होते, सरळ सांगते.

नावं संपली. बाबांनी माइक परत दिला आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरू लागले. स्वतःचं नाव त्यांनी घेतलंच नव्हतं.

मी उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या बापाचं नाव मोठ्यानं पुकारलं, आडनावासकट.

बाबा पायरीवरच थांबले. हात वर करून म्हणाले, "हाजिर!"