बुडालेल्या जहाजाचे पत्रे

"रेघा मारल्यास त्या मारल्यास, वर पत्रे पुसून पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवलेस? मला काय आंधळी समजलास?"

"ताई, हळू बोल. खाली गिऱ्हाईक आहे."

"असू दे. त्यालाही वर बोलाव. म्हणावं ये, आमच्या घरची करामत बघ."

धाकटा भाऊ दारातच थांबला. आत यायची छाती नव्हती आणि खाली जायची सोय नव्हती, कारण जिन्यात त्याची बायको कान टवकारून उभी होती.

वडिलांच्या छापील चित्रांच्या उरलेल्या संचांतल्या एका प्रतीवर पाण्याचा डाग पडला होता, म्हणून ताईनं सकाळी तेवढं एक चित्र नव्यानं छापायला घेतलं. तांब्याच्या पत्र्यावर शाई चोळली, जादाची पुसली, ओलसर कागद ठेवला आणि यंत्राचं चाक फिरवलं. कागद उचलला तर जहाजावरून, होड्यांवरून, दोरांवरून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काळी फुली. फडक्याचा धागा अडकला असेल, असं आधी वाटलं तिला. पत्रा धुतला, बोट फिरवलं. नख खाचेत अडकलं. मग तिनं बाकीचे पत्रे उघडले. एकही सुटला नव्हता.

ते पत्रे वडिलांनी कोरलेले. लढाईत बुडालेलं जहाज वर कसं काढलं, त्याची चित्रमाला. पहिल्या चित्रात पाण्याबाहेर नुसती डोलकाठ्यांची टोकं. मग पाणबुडे उतरतात, जहाजाच्या पोटाखालून दोर ओवतात. ओहोटीला ते दोर दोन्ही बाजूंच्या रिकाम्या होड्यांना आवळून बांधायचे आणि भरतीची वाट बघायची. होड्या वर येतात, त्यांच्याबरोबर जहाजही. शेवटच्या चित्रात ते चिखलानं माखलेलं काठावर बसलंय आणि बघायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावून उभी आहेत.

काळ्या रेघांचं काम वडिलांचं, रंग ताईचा. खुर्चीवर खोकं ठेवल्याशिवाय टेबलाला हात पुरत नव्हता तेव्हापासूनचा. वरचं हिरवट पाणी खाली गढूळ कुठं होतं, ते तिच्या हाताला ठाऊक. गिऱ्हाइकं म्हणायची, "आकाश कुणाकडूनही रंगवून घ्या, पाणी ताईचंच पाहिजे." एकदा स्थळ आलं होतं. मुलगी रंगकाम करते म्हटल्यावर मुलाच्या वडिलांनी दोन खोल्यांना किती रंग लागेल ते विचारलं. घरात पुढं कितीतरी वर्षं तो विनोद पुरला. स्थळं मात्र संपली, आणि ताई टेबलाशीच राहिली.

जाताना वडील दोघांनाही समोर बसवून म्हणाले होते, "दुकान धाकट्याचं, पत्रे ताईचे." तेव्हा धाकट्यानं मान डोलावली होती.

"व्यापाऱ्याची अट होती," तो आता म्हणाला. "पत्रे रद्द केल्याशिवाय तो सगळे संच उचलणार नव्हता. पुन्हा छापता येत नाहीत म्हटल्यावरच भाव येतो. सगळीकडे असंच करतात."

"ज्याचे पत्रे त्याला विचारून करतात."

"तुझ्याच भल्यासाठी केलं. तुझे डोळे आता—"

"माझ्या डोळ्यांचं नाव काढू नकोस. मी डोळे दाखवायला गेले, तोच दिवस साधलास ना?"

डॉक्टर फक्त चष्मा बदला म्हणाले होते. घरी येऊन तिनं हसत हसत सगळ्यांना ते सांगितलं होतं, आणि सगळे हसलेही होते.

"बरं, पत्र्यांचं कपाट कसं उघडलंस? आई झोपल्यावर उशीखालची किल्ली काढलीस? शोभलं का हे तुला?"

आतल्या खोलीत शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"मीच दिली," आई म्हणाली.

ताई आतल्या दारापाशी गेली. "कशाला हवी ते सांगितलं होतं यानं?"

"सांगितलं होतं."

"आणि तू दिलीस?"

"पत्रा हलत होता," आई शेंगांकडे बघत म्हणाली, "रेघ वेडीवाकडी जात होती. म्हणून मीच धरला."

ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"तुला विचारलं असतं तर तू करू दिलं असतंस का?" आईनं विचारलं. "त्याला दोन पोरं आहेत. तुला काय, एकटीला."

जिन्यातली भावजय आता वर आली. "जाऊ द्या हो, ताई. झालं ते झालं. जेवून घ्या. व्यापारी शनिवारी येतोय, तेवढ्या प्रती रंगवून टाका म्हणजे आपण मोकळे. पाणी तुमच्याच हातचं हवंय त्यांना."

ताईनं हात धुतले. नखांतली शाई निघाली नाही. सगळे जेवायला बसले तशी तीही बसली. वरणाचा डाव धाकट्याच्या हातात होता. वाढू का, असं तो डोळ्यांनीच विचारत होता.

"प्रती काळ्याच जातील," ती म्हणाली. "मी एकीलाही रंग लावणार नाही. नकाशांच्या छापखान्यात रंगाला माणूस हवाय, सोमवारपासून तिथं जाते. राहायला इथंच आहे. पण उद्यापासून माझी चूल वेगळी."