एका दमात किती पावलं

साठी उलटलेली विधवा बाई लुगड्याचा कासोटा खोचून अंगणात हुतूतू घालते आहे, असं कधी पाहिलंय तुम्ही? आम्ही रोज सकाळी पाहायचो. पुढे आत्या, मागे माझा धाकटा भाऊ सदू. "हुतूतूतू" करत ओट्यापासून निघायचं, सदूचा दम तुटेल तिथं थांबायचं, आणि मी तिथं शिंपला रोवून पावलं मोजायची. येणारे-जाणारे हसत. आत्या म्हणे, "हसा, हसा. दात हायत तवर हसून घ्या."

ती आमची सख्खी आत्या नव्हे. थळच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव. त्या गावची ती सुईण, म्हणून अख्ख्या गावाची आत्या. बाई फटकळ. बाळंतिणींना कळांपेक्षा तिच्या तोंडाचीच धास्ती जास्त. पण अडलेली बाई सुटेपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे, हेही तितकंच खरं.

सदूचं दुखणं तिनंच ओळखलं. तान्हेपणी त्याचा पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. आमचे वडील मिठागरात कामाला, त्यामुळे आमच्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा खारट लागे. आई हसून म्हणायची, "मिठागरवाल्याचं पोर, खारट नाही तर काय बर्फीसारखं लागेल?" सगळे हसले, आणि त्या हसण्यात वर्ष गेलं. पोर खायचं अधाशासारखं आणि दिसायचं काटकुळं. त्यात बारा महिने खोकला. शेवटी आत्यानं एकदा त्याला गोड्या विहिरीच्या पाण्यानं स्वच्छ न्हाऊ घातलं, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलं आणि घाम फुटेपर्यंत मांडीवर घेऊन बसली. मग त्याच्या कपाळाला जीभ लावली.

"वयनी, ह्यो मीठ बापाच्या हाताचा न्हाय. आतून येतोय," ती म्हणाली. "माजी दोन पोरां अशीच खारी व्हती."

एवढंच बोलून उठून गेली. तिला मुलं झाली होती हेच आम्हांला तोवर ठाऊक नव्हतं. दोघंही छाती भरून गेली होती. पहिल्याचं तिला ताप चढल्यावर कळलं, दुसऱ्याचं खोकल्यातून पू पडायला लागल्यावर. तेव्हापासून तिचं एकच पालुपद: "तापाची वाट बघशील तर उशीर व्हईल. छाती आधी दम चोरते, ताप मागनं येतो."

म्हणून हा हुतूतू. सदूची रोजची पावलं तीस. पंचविसाच्या खाली आली की आत्या कुणाचं ऐकत नसे. कपाळ थंडगार असो, पोर उड्या मारत असो, त्याला उताराच्या फळीवर डोकं खाली करून निजवायची आणि पाठीवर पोकळ हातानं थापट्या मारायची, भाकरी थापावी तशा. कफ बाहेर पडेपर्यंत सोडायची नाही. वर अडुळशाचा कडू काढा, वाफ आणि आठ दिवस घरबंदी. सदू तिला शिव्या घालायचा. तीही त्याला सव्याज परत करायची.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी पहिल्या खेपेला सदूच्या छातीला नळी लावून सांगितलं, "छाती साफ आहे, उगाच घाबरवू नका." तिसऱ्या दिवशी सदू तापानं फणफणला. पण डॉक्टर माणूस मोठा सरळ. पुढच्या खेपेपासून नळी काढायच्या आधी विचारायचे, "आत्या, पावलं किती?" आईला ते म्हणाले होते, "ह्याच्यावर रामबाण औषध माझ्याकडे नाही. वेळेवर कळणं, एवढंच काय ते औषध." त्या औषधावर पोर दहा वर्षांचं झालं.

पुढे आत्याची नजर गेली. ती ओट्यावर बसून ऐकायची, पावलं मी मोजून सांगायची. "ह्या पोरीचा आकडा म्हंजे देवाचा शबूद," असं ती चारचौघांत म्हणे. मी बारा वर्षांची. मला कोण अभिमान!

त्या वर्षी शिमग्याच्या चार दिवस आधी सदूचा दम एकविसाला तुटला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हात जोडले. होळीचा धूर सोसायचा नाही म्हणून पोरानं आजवर एकही होळी जवळून पाहिली नव्हती. यंदा खाडीतली होड्यांची शर्यतही त्याला बघायची होती.

"किती गं?" आत्यानं विचारलं.

"एकोणतीस," मी म्हणाले.

आत्यानं तोंड सदूच्या दिशेला वळवलं. मग म्हणाली, "बरा."

आई शिमग्याच्या कामात गुंतलेली; पुढचे चारही दिवस मी तोच आकडा सांगितला. सदूनं होळीपुढे बोंब मारली, होड्यांच्या मागे किनाऱ्यानं धावला, रंगात लडबडला. इतका आनंदी मी त्याला कधी पाहिला नव्हता. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि आठव्या दिवशी माझा भाऊ गेला.

डॉक्टर ओसरीवर उभे होते. "चार-सहा दिवस आधी कळायला हवं होतं," ते हळूच म्हणाले. "आत्या, पावलं मोजली नव्हती?" मी तोंड उघडणार, तोच आत्या बोलली, "न्हाय मोजली. शिमग्याच्या गडबडीत ऱ्हाऊन गेला."

आईनं तिला त्या दिवशी घराबाहेर काढलं. काय काय बोलली ते मला लिहवत नाही. भिंत चाचपत आत्या पायऱ्या उतरली आणि मी दाराआड उभी राहिले, मेल्यासारखी.

महिन्यानं विहिरीवर तिला गाठून मी रडतरडत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "डोळे गेलेत माजे, कान न्हाय. दम कुठं तुटला ते मला आयकू आला व्हता. माज्या दोघांना मी कुठंच जाऊ दिला न्हाय, तरी गेलीच. म्हटला, ह्याला येक शिमगा बघू दे." मग माझा दंड घट्ट धरला. "आयशीला सांगू नको. तुला त्या घरात ऱ्हायचाय."

तिला खरंच ऐकू आलं होतं, की माझ्यावरचं ओझं उतरवायला ती तसं म्हणाली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दोन वर्षांनी ती वारली. तिनं गावातली निम्मी माणसं जगात आणली होती. तिच्या मयताला सगळा गाव लोटला. आई गेली नाही. "माझं पोर खाल्लं तिनं," म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली. मी तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडले.