शिवयोगींनी ओळखलेलं पितळ

सोलापुरातल्या मंगळवार पेठेत शिवयोगींचं दुकान आहे, आणि दुकानापेक्षा त्यांचा अभिमान मोठा आहे. तरुणपणी ते लग्नाच्या बँडवाल्यांची चेपलेली वाद्यं सरळ करायचे. आता वरातीत डीजे आला, म्हणून जुन्या ग्रामोफोनचे कर्णे आणि नळ्या यांचे पोचे काढतात. पुण्या-हैदराबादचे शौकीन त्यांना शोधत येतात. आली त्यापेक्षा वाईट होऊन एकही वस्तू आपल्या दुकानातून परत गेली नाही, हे ते गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगतात.

गेल्या महिन्यात अक्कलकोटहून चनमल्लप्पा नावाचे व्यापारी एक सोनेरी कर्णा घेऊन आले. त्यांच्या आईच्या, कमलम्मांच्या ग्रामोफोनचा. माळ्यावरून पडून त्याला वाटीएवढा पोचा आला होता. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये मांडायचा म्हणून दुरुस्ती. शिवयोगींनी तो हातातही न घेता लांबूनच पाहिला आणि "पितळ" म्हणून निकाल देऊन टाकला.

"चुंबक लावून बघा की एकदा," त्यांची बायको ईरम्मा म्हणाली.

"मला पितळ शिकवतीस व्हय?"

झालं. या दुकानाची रीत अशी, की हातोडा पडण्याआधी पितळेला चिंचेच्या कोळात अंघोळ; नाहीतर वरचा मळ टोल्यासरशी आत बसतो. ईरम्माने कर्णा कोळात बुडवला आणि ती भाकरी थापायला गेली. तासाभराने काथ्याने घासायला घेतला, तर सोनं पापुद्र्यापापुद्र्याने तिच्या हातात आलं. खाली काळा कुळकुळीत पत्रा, त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या पाकळ्या. कर्णा लोखंडी होता. वरून नुसता सोनेरी रंग. माणसाचं पितळ उघडं पडतं म्हणतात. शिवयोगींचं पडलं तेव्हा तिथं पितळच नव्हतं.

ईरम्माने चुंबक आणून कर्ण्याला चिकटवून ठेवलं आणि ती भाकऱ्यांकडे गेली. तोंडाने बोलली असती तर बरं झालं असतं.

शिवयोगींना लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त. एवढ्या वर्षांचं नाव एका चिंचेच्या गोळ्यापायी जाणार होतं. पुन्हा सोनेरी रंग मारून गप्प बसावं, असंही मनात आलं, पण हात धजेना. निदान पोचा तरी नीट काढावा म्हणून ते कामाला बसले. पत्रा मऊ करायला तापवला असता तर उरलेला रंगही गेला असता. म्हणून कर्णा वाळूच्या पिशवीवर टेकवून, आतून लाकडी मोगरीने हलके हलके टोले देत त्यांनी तीन दिवस काढले. पोचा बोटालाही लागेनासा झाला. एका पाकळीचा टवका उडाला, तेवढाच.

चौथ्या दिवशी चनमल्लप्पा आले, आणि सोबत ऐंशी वर्षांच्या कमलम्मा. काळा कर्णा पाहून चनमल्लप्पा तापले. "माझा पितळी कर्णा कुटं हाय?"

शिवयोगींनी हात जोडले. "ह्योच त्यो. पितळ समजून मी चिंचेत घातला, आन वरचा सोनेरी रंग गेला. बायकोनं सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाय. चूक माझी हाय."

कमलम्मा पुढे झाल्या. त्यांनी पाकळ्यांवरून हात फिरवला आणि हसायला लागल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मी लग्न होऊन आले तवा ह्यो असाच काळा हुता," त्या लेकाला म्हणाल्या. "नणंदेच्या लग्नात पाव्हण्यांपुढं मिरवायला तुझ्या बापानं सोनेरी रंग मारला, आन जन्मभर पितळ म्हणून सांगितलं. कुणी जवळ जाऊन हात लावला की त्यांना घाम फुटायचा. माझ्याबिगर कुणाला ठावं न्हवतं." मग त्या शिवयोगींकडे वळल्या. "तुमीबी फसला व्हय?"

"फसलो, अव्वा."

"तुमच्यासारखा कसबी माणूस फसला. आज ते असते तर लई सुखावले असते."

शिवयोगींच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"मग परत सोनेरी करून घ्यायचा का?" चनमल्लप्पांनी आईला विचारलं.

"नगं." कमलम्मांनी खाली बसून कर्णा मांडीवर घेतला. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्यांनी मरेपर्यंत सांभाळली. त्यांच्यामागं मला एकटीला सांभाळवत न्हवती. बरं झालं, ह्यांच्या हातनं उघडली."