चिलापीच्या तोंडातली अंडी

नात आफ्रिकन माशांसाठी काचेच्या टाकीत दगड रचत होती. ओल्या दगडांचा तो वास आला आणि मी साठ-एकसष्ट सालच्या अमरावतीत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचले.

तिथल्या टाकीत चिलापी मासे होते, तेही मूळचे आफ्रिकेचेच. माझ्या वर्गातल्या कुसुमनं आणि मी नदीतले काळे दगड पदरात बांधून आणले, घासले, कपार रचली. मादी कपारीत शिरली नि खाईनाशी झाली.

"आजारी आहे, उद्या काढून टाका," सर म्हणाले.

मी टाकीला नाक लावून बसले. गाल फुगवून ती चूळ भरल्यासारखं करत होती. तोंडात अंडी होती, तिथंच ती उबवत होती! कुसुम माझी जिवाभावाची मैत्रीण. तिला म्हटलं, "कोणाले सांगू नको वं. उद्या मीच सरांले सांगीन."

सकाळी पोचले तर टाकीभोवती अख्खा वर्ग. "सर, मी रोज पाहून राहिली होती," कुसुम सांगत होती, "तिच्या तोंडात अंडे हायेत." मला पाहून हसली. "ये वं, तू बी पाहून घे."

तो राग अजून गेलेला नाही. पण आता वाटतं, त्या मासोळीनं उपाशी राहून इतके दिवस तोंड मिटून ठेवलं. मला एक दिवसही जमलं नाही.