दोन वाजताची लाइन
तापलेल्या कॉम्प्युटरमधल्या धुळीचा वास आला की अकोल्याच्या जुन्या शहरातली लोडशेडिंगची एक दुपार आठवते. दोनला लाइन जायची म्हणजे जायचीच. मित्राच्या घरी तो आणि मी सुटे भाग जोडून केलेल्या कॉम्प्युटरवर अ‍ॅपलची सिस्टिम चौथ्यांदा बसवत होतो. त्याशिवाय एडिटिंगचं सॉफ्टवेअर चालणार नव्हतं आणि एका लग्नाची अडकलेली फिल्म पुरी होणार नव्हती. मी पाय हलवत एकदा घड्याळ, एकदा पडदा बघत होतो. ‘एक मिनिट बाकी’ असं दिसलं आणि पडदा काळा झाला. मागे त्याची अम्मी उभी होती, बोट बटणावर. ‘काहून बंद केली?’ मित्र ओरडला. ‘दोन वाजले ना बेटा, लाइन जाईन, मशीन जळन, म्हून म्याच बंद केली.’ आम्ही वर पाहिलं. पंखा फिरतच होता. त्या दिवशी लाइन गेलीच नाही. आता माझ्या घरात इन्व्हर्टर आहे, तरी कॉम्प्युटरवर काही बसवताना शेवटचं मिनिट आलं की माझा हात जाऊन बटण झाकतो.