नेव्हीमा शे

लंकेत शांतिसेना गेली होती तेव्हा मी नौदलात होतो. सुट्टीवर भडगावला आलो की लोकांचे प्रश्न ठरलेले: बोट बुडत नाही का, आणि रमची बाटली आणली का. एवढंच आमचं नौदल. समुद्र पाहिलाय कुणी इथं? गिरणेला पूर आला की तेवढंच पाणी.

त्या सुट्टीत मामांनी साक्रीकडची एक मुलगी सुचवली. फोटो पाहूनच मी हुरळलो होतो, खोटं कशाला बोलू. बसमध्ये मनात उजळणी चालली होती. मुलीच्या आजोबांनी नोकरीचं विचारलं तर सगळं नीट सांगायचं. इंग्रजांच्या जुन्या बोटींवर आपलं नौदल उभं राहिलं, आधी किनारा राखणं हेच मुख्य काम होतं, आता आमची जहाजं पार लंकेपर्यंत शांतिसेनेची माणसं आणि रसद नेतात.

अंगणात सतरंजी अंथरलेली होती. आम्हाला पाहून कुणीतरी ती गुंडाळली आणि गोणपाट टाकलं. गावचा न्हावी पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला आला. तेवढ्यात आजोबांनी मामांना विचारलं, "आपला जातनं पोर शे, आनि लोकेसन्या दाढ्या करस?"

मामांनी खोदून विचारलं. मग उलगडा झाला. मध्यस्थानं अहिराणीत निरोप दिला होता, पोर नेव्हीमा शे, म्हणजे नौदलात आहे. घरात पोचेपर्यंत त्याचं न्हावी शे झालं होतं.

मला हसू यायला हवं होतं. पण मामा तावातावानं म्हणाले, "आबा, आमनं पोर तोफा चालाडस. न्हावीनं तोंड बी आमी सकायले देखत नही."

न्हावी माझ्याच पायांवर पाणी घालत होता. त्याचा हात थांबला नाही. इकडे सतरंजी परत आली, पोहे आले, आजोबा टाळी देऊन हसू लागले, मामाही हसू लागले. मला किळस आली. भर पावसाळ्यात जहाज गदागदा हलताना मी दोन वेळा नीट जेवलोय, इथे पोह्यांची बशी मी तशीच खाली ठेवली. मामांची तर जास्तच शिसारी आली. त्यांच्या मांडीवर मी वाढलो होतो.

आजोबांनी मुलीला बोलावलं. ती चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आली. फोटोपेक्षा छान होती. गप्प बसलो असतो तर लग्न ठरलंच होतं.

"आबा," मी म्हणालो, "आमना बोटवर न्हावी बी शे. मी त्यानाच पंगतमा जेवस."

आजोबांचं हसू मावळलं. त्यांनी हातानं खूण केली आणि ती ट्रेसकट आत गेली. तिला मी पाहिलं ते तेवढंच. आम्ही उठायच्या आधीच त्यांनी सतरंजी गुंडाळायला सांगितली, आणि सांगितली ती त्या न्हाव्यालाच.