बारा फोटोंचा हट्ट

मिलिंद गेला, हे मला भिंगारच्या बाजारात भाजी घेताना फोनवर कळलं. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. महिना उलटला तरी मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडतोच आहे. आमची मैत्रीच भांडणावर पोसलेली.

आम्ही एकाच शाळेत शिक्षक, दोघांनाही रोलवर फोटो काढायचं वेड. पगाराच्या फरकाचे पैसे हाती आले, तेव्हा त्याच्या वाट्याच्या रकमेत एकच जुना कॅमेरा बसत होता. मी म्हणालो, सरळ पस्तीस एमएम घे. रोलला छत्तीस फोटो, चार बिघडले तरी बिघडू देत. त्याला मात्र मोठ्या फिल्मचा, दोन भिंगांचा चौकोनी कॅमेरा हवा होता. त्यात रोलला फक्त बारा फोटो. हौसेला मोल नसतं हे खरं, पण मास्तराच्या हौसेला असतं, हेही मी त्याला ऐकवलं.

त्याचं कारण त्याच्या वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर होतं. घरोघरी वारलेल्या माणसांचे फोटो, पासपोर्टच्या फोटोवरून मोठे केलेले, चेहरा धूसर आणि स्टुडिओवाल्याने चिकटवलेला कोट-टाय. त्याच्या वडिलांचाही तसाच. "दादांनी जन्मात कोट घातला नाही रे," तो म्हणायचा. मोठ्या निगेटिव्हवरून चेहरा स्वच्छ येतो. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांचे खरे चेहरे घ्यायचे, एवढंच त्याला हवं होतं. शेवटी त्यानं तोच कॅमेरा घेतला.

तो कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून त्यात वरून पाहावं लागतं. पहिल्याच दिवशी वस्तीतल्या सखूआजीला वाटलं, पोरगा आपल्याला वाकून नमस्कार करतोय. "ऱ्हाऊ दे लेकरा, आमी काय एवढी मोठी मानसं न्हाई," म्हणत ती लाजून हसली... आणि यानं बटण दाबलं. पुढे दारोदार तेच. मी म्हटलं, अरे, त्यांचा गैरसमज तरी दूर कर.

"गैरसमज कसला? वाकलोच होतो की मी."

मी माझा पस्तीसचा कॅमेरा उचलून त्याचा तसाच वाकलेला एक फोटो घेतला.

पुण्यानुमोदनाच्या विधीत गेलेल्या माणसाच्या फोटोला फुलं वाहतात, आणि आदल्या दिवशी मिलिंदचाच फोटो मिळेना. शोधाशोधीत एक ओळखपत्रावरचा निघाला आणि एक माझ्या पस्तीसच्या रोलवरचा, कॅमेऱ्यात मान घातलेला, केस कपाळावर आलेले, तोंड जेमतेम दिसणारं. नातेवाईक म्हणाले, ओळखपत्राचाच मोठा करू, स्टुडिओवाला कोटही घालून देतो. त्याच्या बायकोनं, वर्षावहिनींनी, माझा उचलला.

"वस्तीनं ह्यांना असंच पाहिलंय. भिंतीवर अनोळखी माणूस कशाला लावू?"

आता तो तिथं आहे. छोट्या फिल्मवरचा फोटो एवढा मोठा केल्यावर धूसर, दाणेदार दिसणारच, आणि हे मला ऐकवल्याशिवाय मिलिंद राहिला नसता. त्याची फार आठवण येते. वहिनींकडे गेलो की मीच त्याला सुनावतो, छत्तीस होते म्हणून त्यातला एक तुझ्यावर उधळता आला, गड्या. तो काही मान वर करत नाही.